निरोगी यादीतला सतरावा

घड्याळबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान वीस वर्षं झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला याच नावाने हाक मारत. पांढऱ्या एप्रनच्या खिशाला ती एक छोटं घड्याळ उलटं टाचून ठेवी. मान खाली घातली की तिला वेळ सुलटी दिसायची, समोरच्याला उलटी. मनगटावर घड्याळ असलं की हातमोजा नीट चढत नाही, एवढं साधं कारण होतं. पण लोकांना नाव ठेवायला कारण लागतं कुठे? निमित्त पुरतं.

ती इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिचं काम होतं काचसामान धुणं. पहिल्या आठवड्यात तिने अकरा टेस्ट ट्यूब फोडल्या. तिथला म्हातारा मुख्य तंत्रज्ञ म्हणाला, "पोरी, काच हातातून सुटत नाही, लक्षातून सुटते." हे वाक्य तिला लागलं. त्यानंतर तिने ट्यूब फोडली नाही असं नाही, पण फोडली की कशी फुटली हे ती शोधून काढायची. ट्यूब धुता धुता ती विचारायची, हिच्या तळाशी हे काय राहिलंय? ही निळी का झाली? विचारता विचारता शिकली, शिकता शिकता परीक्षेला बसली, दोनदा आपटली आणि बत्तिसाव्या वर्षी तंत्रज्ञ झाली. तिचा नवरा पुस्तकबांधणीचं काम करायचा. रोज संध्याकाळी तो एका हाताने खळ लावत तिला दुसऱ्या हातातल्या वहीतले प्रश्न विचारायचा. त्यामुळे तिच्या सगळ्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असत, आणि रक्तगटांची माहिती घरात तिच्याइतकीच त्यालाही पाठ होती.

हे सगळं सांगायचं कारण, ज्या वर्षीची ही हकिगत आहे त्या वर्षी तिच्या हाती आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम आलं.

छातीच्या शस्त्रक्रिया करणारी एक तरुण डॉक्टर इस्पितळात नव्याने रुजू झाली होती. एक दिवस ती स्वतः प्रयोगशाळेत आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, मला तुमची मदत हवीय. छातीवर जोराचा मार बसला की मोडलेली बरगडी एक्स-रेत दिसते. पण आतलं फुप्फुस किती ठेचलंय आणि पुढच्या चार दिवसांत ते काय रंग दाखवणार, हे पहिल्या दिवशी नीट कळत नाही. ते रक्तातून कळतं का, हे मला बघायचंय."

"रक्तात काय दिसणार?"

"ठेचलेल्या जागी प्राणवायूच उलटतो. ज्याच्यावर आपण जगतो, त्याचेच काही उनाड कण तयार होतात आणि आजूबाजूच्या पेशींना चावत सुटतात. त्या चावण्याच्या खुणा रक्तात उतरतात."

घड्याळबाईने क्षणभर विचार केला. "म्हणजे सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, तसं?"

डॉक्टर हसली. "अगदी तसं. आणि लिंबू पिळलं की काळं पडायचं थांबतं ना? शरीराजवळ स्वतःचं लिंबूही असतं. आपण दोन्ही मोजायचं. डाग किती पडले आणि लिंबू किती उरलं."

डागांच्या खुणेचं नाव भलंमोठं होतं, म्हणून सगळे तिला नुसतं एमडीए म्हणत. मोजायची रीत मात्र बघायला सुंदर होती. रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी काढायचं, त्यात औषध घालायचं आणि ट्यूब तासभर उकळत्या पाण्यात ठेवायची. डाग जितके जास्त, तितका गुलाबी रंग गडद. मग तो रंग दुसऱ्या यंत्रात मोजायचा. अडचण एकच होती. कापलेलं सफरचंद जसं ताटात काळं पडतं, तसं काढलेलं रक्तही ट्यूबमध्ये काळं पडायला लागतं. म्हणजे ते दहा मिनिटांच्या आत बर्फात गेलं पाहिजे आणि अर्ध्या तासाच्या आत यंत्रात फिरलं पाहिजे. उशीर झाला तर रोग्याचा डाग कुठला आणि आळसाचा कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"म्हणून तर तुमच्याकडे आले," डॉक्टर म्हणाली. "सगळे म्हणाले, घड्याळ चुकेल पण बाई चुकायच्या नाहीत."

घड्याळबाई कामाला लागली. बर्फाची पेटी काखोटीला मारून ती वॉर्डात जायची, दंडाला रबरी पट्टा बांधायची, रक्त काढायची आणि जिन्याने खाली यायची. लिफ्टवर तिचा भरवसा नव्हता. प्रत्येक रोग्याचं रक्त चार वेळा घ्यायचं: आल्या आल्या, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी.

अशातच एके सकाळी मुकादम आला. म्हणजे आणला गेला.

मुकादम हा घरसामान हलवणाऱ्या एका टोळीचा म्होरक्या. पन्नाशीचा, मजबूत बांध्याचा, तोंडाने फटकळ. तिसऱ्या मजल्यावरून तीन दारांचं लाकडी कपाट उतरवताना जिन्याच्या वळणावर पट्टा तुटला, आणि कपाट आणि कठडा यांच्यामध्ये त्याची छाती सापडली. चार बरगड्या मोडल्या, उजवं फुप्फुस ठेचलं. श्वास घेताना त्याच्या कपाळावर घाम फुटत होता, तरी घड्याळबाई सुई घेऊन आली तेव्हा तो कण्हत म्हणाला, "घ्या, ताई, घ्या. कपाटाने एवढं घेतलं, तुम्ही का मागे राहता?"

तिसऱ्या दिवशी त्याचा गुलाबी रंग सगळ्यात गडद होता. त्याच रात्री ताप चढला. डॉक्टरांनी औषधं बदलली, प्राणवायू वाढवला. श्वासाचे व्यायाम करून घेणारी बाई दर दोन तासांनी त्याला श्वास ओढायला लावून नळीतले प्लास्टिकचे चेंडू वर उचलून घेऊ लागली. सातव्या दिवशी रंग उतरला. मुकादम उशीला टेकून बसला होता आणि शेजारच्या रोग्याला कपाटं कशी बांधावीत यावर व्याख्यान देत होता.

"काय, ताई, माझा गंज गेला का?" त्याने विचारलं. रक्तातल्या डागांना तो गंज म्हणायचा.

"बराच गेला. पण अजून घासायला हवाय."

"तुमचा चेहरा का उतरलाय मग?"

घड्याळबाई खरंच वैतागली होती. डॉक्टरांना आता रोग्यांच्या जोडीला निरोगी माणसंही हवी होती. ठेचलेल्या छातीचं रक्त कशाशी ताडून बघायचं? चांगल्या छातीच्या रक्ताशीच. पण निरोगी माणूस शोधायला निघालं की तो किती दुर्मिळ प्राणी आहे ते कळतं. अट अशी होती की सिगारेट नको, जीवनसत्त्वांच्या गोळ्या नकोत, गेल्या तीन महिन्यांत मार लागलेला नको आणि वय अठरा ते साठ. घरी तिच्या सासूबाईंनी लगेच हात पुढे केला होता. "मला काय धाड भरलीय? माझं घे की."

"अहो आई, तुम्ही शहात्तर वर्षांच्या आहात."

"मग साठ लिही. तुझ्या यंत्राला काय माझी जन्मतारीख कळणार आहे?"

नवऱ्याला गोळ्या चालू होत्या. प्रयोगशाळेतले होते तेवढे देऊन झाले. यादी तेरावर येऊन अडकली होती.

मुकादमाने हे सगळं ऐकून घेतलं आणि उशीखालून फोन काढला. "माझी टोळी आहे की! नऊ जण. एकेक गडी फ्रीज पाठीवर घेऊन चार मजले चढतो. त्यांच्याहून निरोगी कोण आणायचा?" आणि फोनवर त्याने फर्मान सोडलं, "परवा सकाळी ताई गोदामात येतील. मुकाट्याने हात पुढे करायचे. जो पळेल त्याची माझ्याशी गाठ आहे."

ठरल्याप्रमाणे घड्याळबाई गोदामात गेली. उंच पत्र्याचं छप्पर, घोंगड्यांत गुंडाळलेली टेबलं, दोरांची भेंडोळी, पुठ्ठ्याचा कोरडा वास. नऊ जण शाळेतल्यासारखे ओळीत उभे होते. तिने फॉर्म काढले.

"सिगारेट?"

"ओढत नाही," पहिला म्हणाला.

"कधीच नाही?"

"स्वतःची नाही."

सगळे खो खो हसले, आणि मग हळूहळू खरं बाहेर आलं. कुणी उसनी ओढत होता, कुणी फक्त बायको माहेरी गेली की. नवातले पाच गळाले. उरले चार. त्यातला सगळ्यात आडदांड, ज्याला सगळे पहाड म्हणत, तो सुई बघेपर्यंत ठीक होता. रक्त काढून झालं, तो उठला, "काहीच नाही हो," म्हणाला आणि गाद्यांच्या ढिगाऱ्यावर आडवा झाला. त्याचे पाय वर करा, तोंडावर पाणी मारा, कॉलर सैल करा, यात सात मिनिटं गेली. पेटीतल्या ट्यूब वाट बघत होत्या. घड्याळबाईने मान खाली घालून वेळ पाहिली आणि घाईने शेवटचा फॉर्म उचलला.

शेवटचा उरला गप्प्या. हा गप्पा मारतो म्हणून गप्प्या नव्हे, गप्प बसतो म्हणून. पंचेचाळिशीचा, सडपातळ, डोळे कायम जमिनीकडे. बाकीचे खोक्यांना टेकून रेलले होते. हा एका खोक्यावर काठीसारखा ताठ बसला होता.

"सिगारेट?" "नाही." "गोळ्या?" "नाही." "गेल्या तीन महिन्यांत कुठे पडलात, मार लागला?"

तो किंचित थांबला. "नाही."

तिने पट्टा बांधला. "एक दीर्घ श्वास घ्या." त्याने अर्धाच घेतला आणि मध्येच तोडला. तिला ते दिसलं. सुईची भीती, दुसरं काय, असं तिने स्वतःशी म्हटलं, ट्यूब भरली, बर्फात खोचली आणि धावत सुटली. अर्धा तास व्हायला एक मिनिट कमी असताना यंत्र फिरायला लागलं. तिचा जीव भांड्यात पडला.

ट्यूबवर नावं नसत. निरोगी चौदा, पंधरा, सोळा, सतरा एवढेच आकडे. नावांची यादी डॉक्टरांच्या खणात कुलपात.

रोग्यांच्या ट्यूब ती त्या त्या दिवशीच उकळायची, निरोग्यांच्या मात्र आठवड्याच्या साऱ्या एकदम दर गुरुवारी उकळायला लावायची. त्या गुरुवारीही लावल्या. तासाभराने त्या गार पाण्यात उतरवल्या आणि उजेडासमोर धरल्या. निरोगी चौदा, फिका. पंधरा, फिका. सोळा, जेमतेम गुलाबी. आणि सतरा? मुकादमाच्या तिसऱ्या दिवशीच्या ट्यूबचा जणू सख्खा भाऊच.

आधी तिला वाटलं, चूक माझी. तिने पिवळं पाणी पुन्हा तपासलं. रक्तपेशी फुटल्या असत्या तर ते लालसर झालं असतं, पण ते स्वच्छ होतं. जपून ठेवलेल्या दुसऱ्या कुपीतून तिने सगळं पहिल्यापासून केलं, पुन्हा तासभर उकळलं. पुन्हा तोच गडद गुलाबी. लिंबू मोजलं, तर तेही तळाला गेलेलं. बाकी ट्यूबचे आकडे मात्र चोख होते.

तिने स्टूल ओढलं आणि खाली बसली. आकडा विसरून ती त्या सकाळचं गोदाम आठवू लागली. सतरा म्हणजे शेवटची ट्यूब. शेवटचा कोण होता हे सांगायला तिला कुलपातल्या यादीची गरज नव्हती. ताठ पाठ. प्रश्नानंतरचा थांबा. अर्ध्यावर तोडलेला श्वास. तंत्रज्ञ झाल्यापासून तिने हजारो माणसांना सुई टोचली होती. भीतीने माणूस श्वास रोखून धरतो, असा मध्येच तोडत नाही. श्वास तोडतात ते दुखतं म्हणून. हे तिला माहीत होतं. त्या सकाळीही माहीत होतं. पण त्या वेळी ती घड्याळाकडे बघत होती.

ती उठून तडक डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर बाहेरच्या रोग्यांच्या गर्दीत होती. तिने आकडे पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"एखादा असा निघतोच, बाई. सिगारेट लपवली असेल."

"बोटं पिवळी नव्हती, तोंडाला वास नव्हता."

"तरीही. एका आकड्यावरून कुणाला आजारी ठरवता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी ते शीत भरवशाचं आहे का, हेच तर आपण अजून तपासतोय."

"आकड्याचं राहू द्या," घड्याळबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी त्याच्या श्वासाबद्दल बोलतेय. रक्त काढताना त्याने श्वास अर्ध्यावर सोडला. मला दिसलं होतं. मला उशीर होत होता म्हणून मी विचारलं नाही. आकडा आला म्हणून आता आठवलं, एवढंच. ही चूक माझी आहे, डॉक्टर, आणि ती आजच निस्तरायला हवी."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "फॉर्मवर पुन्हा भेटायची परवानगी आहे. घेऊन या त्याला. मी पाचपर्यंत इथेच आहे. आणि बाई, चालत आणू नका, गाडीने आणा."

गोदामातल्या कारकुनाने सांगितलं की टोळी दोन गल्ल्यांपलीकडे एका नव्या इमारतीत सामान चढवतेय. घड्याळबाई तिथे पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीचे जिन्यात बसून खात होते. गप्प्या एकटा ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, डबा न उघडता. ओठांवर फिकट निळसर झाक होती.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "तुम्हाला लागलंय ना?"

"नाही."

"दादा, मी पोलीस नाही आणि तुमची मालकीणही नाही. मी रक्त काढणारी बाई आहे. तुम्ही नाही म्हणालात, पण तुमचं रक्त हो म्हणालं."

ट्रकच्या सावलीत एक मांजर येऊन बसलं आणि निघून गेलं. शेवटी त्याने शर्ट वर केला. डाव्या कुशीत, काखेपासून कमरेपर्यंत, हिरवट पिवळा पडलेला काळानिळा डाग होता.

"त्याच दिवशीचं?"

त्याने मान हलवली. "मी खालच्या बाजूला होतो. कपाटाचा कोपरा बसला."

"मग अकरा दिवस सांगितलं का नाही? नोकरी जाईल म्हणून?"

"नोकरीचं काय..." तो बोलता बोलता थांबला, दम घेतला. "पट्टा तुटला असं सगळे म्हणतात. पण माझा हात आधी सुटला. घामाने सुटला. मग कपाट वळणावर फिरलं आणि सगळा भार मुकादमावर गेला. तो तिथे नळ्या लावून पडलाय माझ्यामुळे, आणि मी कुठल्या तोंडाने म्हणू, मलाही दुखतंय? म्हटलं, दुखू दे. तेवढी शिक्षा नको का?"

घड्याळबाईने त्याचा डबा उचलला, पहाडाला हाक मारली आणि म्हणाली, "याला गाडीत बसवायचंय. सावकाश. कपाट समजून."

एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे आतून थेंब थेंब रक्त गळून डाव्या फुप्फुसाभोवती साचलं होतं आणि फुप्फुस खालून निम्मं दबलं होतं. डॉक्टरने त्याच दुपारी बरगड्यांमधून नळी घातली. बाटलीत लिटरभर गडद रक्त उतरलं. नळी घातल्यावर तासाभरात गप्प्याच्या ओठांवरची निळी झाक गेली. त्याने पूर्ण श्वास घेतला, आणि त्याचं त्यालाच एवढं आश्चर्य वाटलं की त्याने लगेच दुसरा घेऊन पाहिला.

"आणखी दोन दिवस गेले असते तर?" घड्याळबाईने बाहेर आल्यावर विचारलं.

"तर ते जिन्यात कुठेतरी कोसळले असते," डॉक्टर म्हणाली. "पण नीट ऐका, बाई. आकड्याने हे शोधलं असं मी कुठेही लिहिणार नाही. आकडा दारात येऊन नुसता खाकरला. दार तुम्ही उघडलंत."

मुकादमाला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. गप्प्याला त्याच वॉर्डात, त्याच्या समोरची खाट मिळाली. सगळी कथा मुकादमाच्या कानावर गेली होती. तो कठड्याला धरत, एकेक पाऊल टाकत समोर गेला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. घड्याळबाई बर्फाची पेटी घेऊन दाराशीच थबकली.

"तुझा हात सुटला म्हणे?" मुकादम गरजला.

गप्प्याने डोळे मिटले.

"अरे गाढवा, पट्टा सकाळपासून उसवलेला होता. मला दिसला होता. म्हटलं, एवढं एक कपाट उतरवू आणि मग बदलू. तुझा हात सुटला तो पट्टा तुटल्याच्या हिसक्याने. मी वर होतो, मला सगळं दिसत होतं." त्याला धाप लागली, तो खाटेवर टेकला. "मी अकरा दिवस इथे पडून मनात तेच दळतोय की पोरांना कसं सांगू. आणि तू तिकडे बसून स्वतःला फाशी देतोयस!"

गप्प्या डोळे उघडून म्हणाला, "मग आता पट्टे कोण तपासणार?"

"तू. दुसरं कोण? तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणालेत डॉक्टर. बसून पट्टे तपास. आणि एखादा उसवलेला दिसला तर बोंब मार. मनातल्या मनात नाही, मोठ्याने."

दोघंही हसायला गेले आणि दोघांच्याही बरगड्यांत एकदमच कळ आली. ते हसू आणि ते कण्हणं यातलं कुठलं कोणाचं, ते सांगता आलं नसतं. घड्याळबाईने पेटी खाली ठेवून डोळे पुसले आणि परिचारिकेला सांगितलं की औषधाचा वास झोंबला.

नळी घातल्यापासून नवव्या दिवशी गप्प्या घरी गेला. त्याची बायको त्याला न्यायला आली होती. तिने घड्याळबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, यांच्या पोटातलं काढून घ्यायला मला वीस वर्षं जमलं नाही. तुम्ही एका ट्यूबमध्ये काढलंत."

अभ्यासाच्या कागदांत मात्र गप्प्याचं काय करायचं, हा पेच उरला. निरोगी यादीत तो बसत नव्हता. रोग्यांच्या यादीतही बसत नव्हता, कारण मार लागला तेव्हा त्याचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं. घड्याळबाईने वहीत त्याच्या आकड्यापुढे लाल रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: निरोगी नव्हता. सतरावा म्हणून दुसरं कुणीतरी घ्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाली, नियम तो नियम, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी अभ्यास पुरा झाला. साठ रोग्यांत ज्यांचा गुलाबी रंग तिसऱ्या दिवशी उतरला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे ताप किंवा श्वासाचा त्रास झाला होता. बऱ्याच जणांना, सगळ्यांना नाही. काही गडद रंगवाले मजेत घरी गेले, काही फिक्यांनी डॉक्टरांना घाम फोडला. डॉक्टर म्हणाली, एवढ्यावर हुरळून जायचं नाही. अजून चार इस्पितळांत, अजून कितीतरी माणसांत बघायला हवं. पण रस्ता आहे. तिच्या बोलण्यात असा उत्साह होता की बाईला तिच्यात तो म्हातारा मुख्य तंत्रज्ञ दिसला, चाळीस वर्षांनी लहान होऊन आलेला.

त्या चार इस्पितळांतल्या पहिल्यात रक्त कसं काढायचं हे शिकवायला घड्याळबाईलाच पाठवलं. आठवड्यातून दोन दिवस, बसने दीड तास. नवऱ्याने तिच्या टिपणांची नवी वही बांधून दिली आणि या खेपेला एकही पान चिकटू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "एकावन्नाव्या वर्षी मास्तरीण झालीस, आता निदान मला तरी आज्ञा करू नकोस."

नव्या प्रयोगशाळेत दोन मुली शिकायला उभ्या होत्या, पेन सरसावून. त्यांना वाटलं, ही बाई आता बर्फ, दहा मिनिटं आणि अर्धा तास यावर बोलेल. त्यांना तसं सांगितलेलंच होतं.

"ते वहीत लिहिलेलं आहे, वाचा," ती म्हणाली. "ते अवघड नाही. आधी इकडे या."

तिने एक खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली, एकीला तीत बसवलं आणि दुसरीला समोर उभं केलं. "सुईला अजून हात लावायचा नाही. पट्टा नाही, बर्फ नाही. हिला सांग, दीर्घ श्वास घे. आणि तो पूर्ण होईपर्यंत फक्त हिच्या तोंडाकडे बघ."

मुलीने बुजत बुजत सांगितलं. खुर्चीतलीने श्वास घेतला, छाती भरली, थांबली आणि सावकाश सोडला.

"काय दिसलं?" घड्याळबाईने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे... तिला सर्दी आहे बहुतेक. डावी नाकपुडी बंद आहे."

"शाब्बास," घड्याळबाई म्हणाली. "आता जागा बदला."